समोरच्यांची भिंत

वाशी तालुक्यात सगळ्यांत धोकादायक माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी स्टुलावरून न उठता रस्त्यापलीकडं बोट दाखवीन. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पाच वेळची नमाज, डोक्यावर जाळीची टोपी आणि तोंडात सदानकदा ‘बसा की’. असा माणूस धोकादायक कसा, असं तुम्ही म्हणाल. सगळे तसंच म्हणतात. पण एखादी गोष्ट कळल्यापासून ती दुसऱ्याला सांगेपर्यंत ज्याच्या पोटात कळा येतात, असा माणूस तुमच्याच धंद्यात, तुमच्या दुकानाच्या बरोबर समोर, वीस वर्षं दुकान मांडून बसला म्हणजे काय होतं, ते मला विचारा. अख्खं गाव त्यांना चाचा म्हणतं. मी तोंडावर चाचा म्हणतो आणि मनात ‘समोरचे’.

धंदा आमचा दोघांचाही मोटर रिवायंडिंगचा. बोअरची, विहिरीची मोटर जळाली की लोक ती मोटरसायकलला आडवी बांधून आणतात. आम्ही आतली जळकी तार काढायची आणि नवी भरायची. ऐकायला सोपं वाटतं. पण कुठल्या मोटरच्या खाचेत कुठल्या जाडीच्या तारेचे किती वेढे, म्हणजे आमच्या भाषेत किती टर्न, हे ज्याला ठाऊक तो मिस्त्री, बाकीचे नुसते तार गुंडाळणारे. टर्न कमी पडले की मोटर तापून पुन्हा जळते, जास्त झाले की पाणी चढत नाही. हे आकडे मिस्त्री डायरीत लिहितो आणि ती डायरी बायकोलासुद्धा दाखवत नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते तर टर्न मोजायची वेळ आली की मला चहा सांगायला पिटाळायचे. दिवसाला सात-सात चहा. शेवटी मी जळक्या कॉइली भंगारातून उचलून घरी न्यायला लागलो, न्हाणीघरात बसून एकेक वेढा मोजला आणि मिस्त्री झालो. अशी चोरून मिळवलेली विद्या माणूस जपणार नाही तर काय गावभर वाटत सुटणार?

समोरच्यांनी दुकान उघडलं आणि वर्षभराच्या आत दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला पांढरा रंग दिला. मला वाटलं, दुकानाचं नाव लिहिणार असतील. तर ह्या माणसानं निळ्या ऑइलपेंटनं त्या भिंतीवर आपली सगळी डायरी उतरवली! बाहेरच्या भिंतीवर! रस्त्याकडच्या! मोटर कुठली, किती एचपीची, खाचा किती, तार कसली, टर्न किती. शेळ्या हाकत जाणारा वाचतो. एसटीची वाट बघणाऱ्या बायका वाचतात. भूमचा, परंड्याचा मिस्त्री येतो, मोटरसायकलवरून उतरतसुद्धा नाही, मोबाइलमध्ये भिंतीचा फोटो घेतो आणि चालू पडतो. एकदा असाच एकजण फोटो घेऊन निघाला तर समोरचे हातातलं काम टाकून त्याच्यामागं पळाले. मी मनात म्हटलं, आता धरतात कॉलर. चहाचा कप घेऊन मी खास दारात येऊन उभा राहिलो. तर म्हणतात कसे, "अरे यार, थांब की! उन्हानं चमकतंय, आकडे धड येणार न्हाईत. म्या पोतं धरतो आडवं, सावलीत घे फोटो." आणि धरलं की हो पोतं, दोन्ही हात वर करून! माझ्या कपातला चहा तसाच निवला.

बरं, हे धंद्यापुरतं असतं तरी मी सोडून दिलं असतं. हा माणूस सलूनमध्ये बसला तर न्हाव्याला मशिनचं पातं कसं लावायचं ते शिकवतो. डाळिंबाच्या गाड्यावर उभा राहिला तर डाळिंब कसं फोडलं म्हणजे दाणा फुटत नाही ते सांगतो, आणि ऐकणारे सहा जण जमले की गाडेवालाच समोरच्यांना एक डाळिंब फुकट देतो. मी तिथंच तीस वर्षं डाळिंबं घेतोय, मला कधी एक दाणा दिला नाही. एकदा समोरचे भूमहून एसटीनं वाशीला येत होते. शेजारी कळंबला निघालेला एक शेतकरी बसला होता, त्याला स्टार्टरची जोडणी समजावून सांगणं चाललं होतं. वाशी आली. कंडक्टरनं दोनदा हाळी दिली, "चाचा, वाशी!" तर हे म्हणाले, "चाललंय चाललंय, ह्याचं अजून निम्मंच झालंय." आणि गेले सरळ कळंबपर्यंत. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या दारात पाच गिऱ्हाइकं दुपारपासून बसून होती. पाचातला एकसुद्धा रस्ता ओलांडून माझ्याकडं आला नव्हता. मी दुपारभर रिकामा बसून त्या पाचांकडं बघत होतो.

फोनचं तर विचारूच नका. दोन्ही हात कामात असतात म्हणून ते फोन स्पीकरवर टाकतात आणि मग ते प्रवचन मला इकडं फुकट ऐकावं लागतं. "हां, बोल. मेन बंद केलाय न्हवं? बघून ये आधी. जा, म्या थांबतो. आला? आता झाकण खोल. निळी तार दिसती का? निळी रे बाबा! मालकीण कुठं हुबी हाय? तिला म्हणावं चार पावलं मागं सर." पाच-दहा मिनिटं असं चालतं आणि मग फोनमधून कुणीतरी बोंबलतं, "चाचा, जमलं! चालू झाली!" त्यावर समोरचे एकटेच असे खुदुखुदु हसतात की मला इकडं काम सुधरत नाही. अहो, तीच मोटर गाडीत घालून तुमच्या दारात आली असती! आपलं गिऱ्हाईक आपल्याच हातानं घालवायचं आणि वर हसायचं! एकदा त्यांनी फोनवर सांगितलेली एक युक्ती मी गुपचूप डायरीत उतरवून घेतली, हे खरं आहे. पण ती अशा भाषेत, की माझ्याशिवाय कुणाला कळू नये.

माझ्या डायरीचं सांगायचं राहिलंच. ती भिंत रंगली तशी मला धास्तीच बसली. ह्यांच्या नादानं उद्या कुणी माझी डायरीही उघडी करायला लागलं तर? म्हणून मी खऱ्या आकड्यात सात मिळवून लिहायला लागलो. पुढं एका उन्हाळ्यात माझा मेव्हणा दुकानावर हाताखाली राहिला. तो फार लक्ष देऊन बघतो असं मला वाटलं, म्हणून त्या वर्षापासून सात मिळवायचं बंद करून चार वजा करायला लागलो. मेव्हण्यानं पुढं मोबाइलच्या कव्हरचं दुकान टाकलं. मूळची डायरी फाटली तेव्हा नवी वही आणली आणि तिच्यात भिंतीच्या आधीचे खरे आकडेही असेच, काही सातनं तर काही चारनं, फिरवून उतरवले. आमची ही म्हणते, "अहो, त्या वहीला आता हळदीकुंकूच वाहा, म्हणजे झालं." तिला काय कळतंय! चोरानं ती वही नेली असती तर तालुक्यातली प्रत्येक मोटर जळाली असती, इतकी ती पक्की होती.

मध्यंतरी कुणीतरी समोरच्यांचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला. ‘वाशीचे चाचा’ म्हणून. त्यात ते भिंतीपुढं उभं राहून काडीनं एकेक ओळ दाखवतात. मी तो अकरा वेळा बघितला, निव्वळ चूक काढायला. एकही सापडली नाही. मग खाली अंगठा असतो ना, उलटा, तो दाबला. हिच्या मोबाइलवरूनही दाबला. पुढं कळलं की उलटे अंगठे किती पडले ते कुणालाच दिसत नाही.

हा माणूस असं का करत असेल, ह्याचा मी वीस वर्षं विचार केलाय. आधी वाटलं, पंचायतीला उभं राहायचं असेल. राहिले नाहीत. मग वाटलं, हज करून आल्यावर पुण्याचा हिशेब वाढवत असतील. पण हजला जायच्या आधीही असेच होते. ही म्हणते, एकट्याला करमत नसेल. पण घरात चाचींसारखी बोलकी बाई असताना करमायला काय झालं? वेडे म्हणावं, तर त्यांनी भरलेली मोटर परत आलेली मी बघितली नाही. आणि खरी ठसठस पुढंच आहे. एवढं सगळं वाटून ह्यांचं दुकान केव्हाच बंद पडायला हवं होतं. तसं झालं असतं तर मी जाऊन हळहळलो असतो, मदतसुद्धा केली असती. पण तसं होत नाही! त्यांच्याकडून शिकून गेलेलेच अवघड मोटरी घेऊन त्यांच्याकडं येतात. दारात गर्दी त्यांच्या. आणि मी इथं, पूर्ण तालुक्यात सगळ्यांत जास्त गुपितं असलेला माणूस, माश्या मारतोय.

गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात जवळच्या एका गावच्या सरपंचबाई माझ्याकडं आल्या. आधीचे सरपंच समोरच्यांकडं जायचे, म्हणून ह्या मुद्दाम माझ्याकडं. सोबत गावच्या पाणीपुरवठ्याची मोटर. जुन्या धाटणीची, आता मिळत नाही अशी. मी उघडली तर आतून रिकामी! कुणीतरी आधीच तांबं काढून नेलेलं. म्हणजे मोजायला एक वेढा नाही. मी मात्र हसून म्हटलं, "बाई, बिनघोर राहा. ही मोटर माझ्या वहीत आहे." आणि होतीच. आकडा लिहिलेला होता एकतीस.

आता एकतीसातून सात काढले तर चोवीस, आणि चार मिळवले तर पस्तीस. हे पान सातच्या काळातलं की चारच्या, ते काही केल्या आठवेना. चोवीस भरले. टाकीत सोडून मोटर चालू केली तर तीन मिनिटांत जळका वास. तार काढली, पस्तीस भरले. मोटर फिरली, पण गावच्या टाकीत पाणी चढलं ते करंगळीएवढं. गावाला चार दिवस टँकर. पाचव्या दिवशी सरपंचबाई पिशवी घेऊन आल्या आणि माझ्या दुकानात स्टूल ओढून बसल्या.

"म्या काय आता हलत न्हाय, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "बाया माझ्या दारात घागरी वाजवायल्यात. सांजपतूर झाली तर झाली, न्हाय तर ही मोटर रस्त्यापलीकडं नेती."

रस्त्यापलीकडं! माझ्या हातातली मोटर उचलून, सगळ्या बाजारपेठेच्या देखत, त्या दारात! त्यापेक्षा दुकानाला कुलूप लावलेलं बरं. वीस वर्षांत माझ्याकडून एकही मोटर तो रस्ता ओलांडून गेली नव्हती, आणि मिरवायला माझ्याकडं तेवढंच उरलं होतं.

शुक्रवार होता. दुपारी समोरचे जुम्म्याच्या नमाजला गेले आणि मी टॉवेल डोक्यावरून घेऊन रस्ता ओलांडला. बाईंना म्हटलं, चहा सांगून येतो. वीस वर्षांत त्या भिंतीच्या इतक्या जवळ मी पहिल्यांदाच गेलो. लांबून फक्त निळ्या ओळी दिसायच्या. जवळून बघतो तर प्रत्येक ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात नावं. हे तुळजापूरच्या अमक्या मिस्त्रीकडून, हे परंड्याच्या तमक्याकडून, हे स्वतः मोजलं. मी बोट लावून एकेक ओळ उतरत गेलो आणि खालून तिसऱ्या ओळीवर ती मोटर सापडली. टर्न एकतीस. आणि पुढं लिहिलेलं: बालाजीरावांकडून, समोरचे.

बालाजीराव म्हणजे मी.

एकतीस! वहीत एकतीस आणि भिंतीवरही एकतीस! वही उतरवताना हा एकच आकडा फिरवायचा राहून गेला होता. सगळ्या वहीत एकुलता एक खरा आकडा, आणि मी लिहिलेलं खरं असेल अशी मलाच शंका आली नव्हती. मी टॉवेल धरून तसाच उभा होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "बघा, बघा. तुमचंच हाय ते."

नमाज पढून समोरचे परत आले होते. मला धड पळताही येईना. मी म्हटलं, "चाचा, हे मी कधी सांगितलं तुम्हाला?"

"विसरलात?" ते म्हणाले. "दुकान टाकलं त्या सालची गोष्ट. ही मोटर माझ्याकडं आलती नि मला तर कायच येत नव्हतं. तुम्ही आपल्या पायानं इथवर आला आन् आकडा सांगून गेला. वाशीत मला सगळ्यात आधी कुणी शिकवलं असंल तर तुम्ही. या भिंतीवर पयली वळ तीच लिवली, मग जागा पुरंना म्हणून रंग देताना खाली घेतली. लई मोठं मन तुमचं, बालाजीराव."

आणि मला आठवलं. नवा मिस्त्री समोर आलाय, त्याला काही येत नाही, म्हणून मी मजा बघायला गेलो होतो. चार माणसांत म्हटलं होतं, "एकतीस टर्न. एवढंसुद्धा येत नाही आणि दुकान टाकलं?" लोक हसले होते. मीही हसत परत आलो होतो. ह्या माणसानं त्यातला आकडा ठेवून घेतला, हसणं सोडून दिलं, आणि वर माझं नाव भिंतीवर लिहून ठेवलं. मला त्यांचा खरं तर राग आला. इतकं चांगलं असायची काय गरज असते माणसाला? मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण ‘मोठं मन’ असं मला उभ्या जन्मात कुणी म्हटलेलं नव्हतं, म्हणून पुन्हा मिटलं.

मग विचारलंच एकदाचं. "चाचा, तुम्ही सगळ्यांना सगळं सांगत का सुटता हो? काय मिळतं?"

ते जरा लाजले. टोपी काढून पुन्हा घातली. "खरं सांगू? म्या लई मतलबी माणूस हाय. मोटर भरून दिली तर माणूस घेऊन जातो, विषय मिटला. पण कुणाला सांगितलं आन् त्याला जमलं, तर तो ‘जमलं’ म्हणून सांगायला येतोच. त्या वक्ताला त्याचं तोंड बघायला पायजे तुम्ही. न्हाय तर फोनवर त्याचा आवाज. मला त्याची चटक लागलीय. कुणी दोन दिवस फोन न्हाय केला तर म्या बेचैन हुतो. चाची म्हणती, तुम्हाला ह्ये येसनच हाय."

मी परत आलो, एकतीस भरले. सरपंचबाई समोर बसून होत्या, त्यांनी विचारलं, "काय बिघडलं हुतं वो?" मी म्हटलं, "तार खराब लागली होती." रस्त्यापलीकडं समोरच्यांना ते ऐकू गेलं असणार, कारण ते नेमके तेव्हाच मान खाली घालून पाना शोधायला लागले. सांजेला मोटर गेली आणि दिवस मावळायच्या आत बाईंचा फोन आला, "आलं वो पाणी, मिस्त्री! ऐका!" आणि त्यांनी मोबाइल टाकीत पडणाऱ्या पाण्याजवळ धरला. मी किती तरी वेळ तो आवाज ऐकत बसलो. फोन ठेवला तेव्हा ही म्हणाली, "हसताय काय एकटेच?" तेव्हा मला एवढंच सुचलं, की समोरच्यांना हे रोज मिळतं. दिवसातून चारदा. आणि रात्रभर मला झोप लागली नाही ती ह्याच हेव्यानं.

सध्या समोरचं शटर बंद आहे. चाचांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, मुलीनं त्यांना सोलापूरला नेलंय. दोन महिने होत आले. तुम्हाला वाटेल मला बरं वाटत असेल. पहिले चार दिवस वाटलं. मग दुपारी फार शांत वाटायला लागलं. लोक येतात, भिंतीचे फोटो काढतात, बंद शटरकडं बघतात आणि जातात. पोतं धरायला कुणी नसतं.

गेल्या आठवड्यात ईट गावचा एक मिस्त्री आला. चाळिशीचा असेल. त्यानं भिंत वरपासून खालपर्यंत वाचली, त्याला हवी ती मोटर त्यात नव्हती. मग त्यानं आजूबाजूला बघितलं आणि रस्ता ओलांडून माझ्याकडं आला. "चाचा न्हाईत का? तुम्हाला ठावं असंल का ह्ये?" माझ्याकडं होता तो आकडा. वही काढली. ते पान नक्की चारच्या काळातलं होतं. चार मिळवले आणि सांगून टाकलं. दाढ उपटताना होतं तसं झालं, पण सांगितलं. तार कुठली तेही सांगितलं, कागदावर लिहून दिलं, खाली माझा नंबर टाकला, वर चहा पाजला. तो "बरं हाय" म्हणाला आणि गेला.

त्याला सहा दिवस झाले. फोन नाही की निरोप नाही. एक मोटर भरायला फार तर दोन दिवस लागतात. परवा मी हिला म्हटलं, माझ्या नंबरवर जरा फोन लाव. वाजला. "काय झालं?" तिनं विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, "बघत होतो." जमलं असेल का हो त्याला? चाचांना लोक हातातला घास टाकून फोन करतात, आणि मला एक माणूस साधं सांगेना. त्याचा नंबर मी घेतला नाही. घ्यायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. ईटकडून एखादी मोटरसायकल आली की मी हातातली तार खाली ठेवतो आणि ती दुकानापुढं थांबते का ते बघतो.